बारुदीवरची वांगी

आदेशच्या बापाचा जीव बारुदीनं घेतला होता, आणि आदेश बारुदीच्याच कारखान्यात नोकरीला लागला. हे त्यानं मला तर्रीपोहे खाताना सांगितलं.

१९९९ साल होतं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत आम्ही दोघं एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मी आर्वीच्या एका दुकानदाराचा मुलगा, मराठी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तो रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला आणि वर्षभर नोकरी शोधत असलेला. माझ्याहून मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचो.

“काम काय हाय, भाऊ?” मी विचारलं.

“बारूद शिजवायची.”

“मंग?”

“मंग तिचं खत होते.”

त्यानं पोह्यांवर आणखी तर्री मागून घेतली. मी चमचा खाली ठेवला. त्याच्या बापाची गोष्ट मला ठाऊक होती.

आदेशचं गाव मांडवखेडी, आर्वीच्या बाजूचं. घर भाजीवाल्यांचं. दीड एकर वावर, एक विहीर. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी. माल आर्वीच्या बाजारात जायचा. गावापासून कोसभरावर लष्कराचं एक मोकळं मैदान होतं. मुदत संपलेला दारूगोळा तिथं खड्ड्यात घालून फोडत. तो फुटला की मातीत पितळेचे आणि लोखंडाचे तुकडे उरत. तिथं जायला बंदी होती. लोक तरी जात. भंगारवाला गावातच यायचा.

आदेशचे वडील श्रावणबापू एरवी कधी गेले नव्हते. १९९१च्या उन्हाळ्यात विहीर आटली, वाफे कोरडे पडले, आणि ते चारदोन जणांबरोबर गेले. त्यांनी उचललेला एक तुकडा अजून जिवंत होता.

फोडण्याचे आवाज गावाला रोजचे होते. त्या दिवशीचा आवाज त्यामानानं लहान होता. कोणी मान वर केली नाही. आदेशची आई धुरपताबाई अंगणात लसूण निवडत होती. ती निवडत राहिली. माणसं धावत आली तेव्हा तिला कळलं.

आदेश तेव्हा आठवीत होता. पुढची वर्षं धुरपताबाईनं एकटीनं वावर केलं. पहाटे तोडा, सकाळच्या एसटीनं बाजार, दुपारी परत येऊन निंदण. आदेशला शिकायला वर्ध्याला पाठवलं. त्या मैदानाच्या दिशेला तिच्या एका बहिणीचं गाव होतं. तिकडे जायचं तर ती लांबचा फेरा घालून जायची.

अशा बाईचा मुलगा बारूद शिजवायला निघाला होता.

“मावशीले सांगतलं?” मी विचारलं.

“खताचा कारखाना हाय म्हनून सांगतलं.”

“अन् काऊन चालला तू तिथं?”

“पगार बरा हाय,” तो म्हणाला आणि पोह्यांची बशी घेऊन उठला.

दुसऱ्या वर्षी त्यानं मला कारखाना दाखवला. माळरानावर एकमेकांपासून लांब लांब उभ्या केलेल्या शेड होत्या. प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध. फाटकावर माझ्याकडून आगपेटी मागितली. नव्हती, तरी खिसे तपासले. पायात घालायला बिनखिळ्याचे बूट दिले.

बारूद काळी पूड असते असं मी समजत होतो. ही शेवयांसारखी होती. पिवळट, लांब, कडक शेवया, पाण्यानं भरलेल्या पिंपात बुडवून ठेवलेल्या. तोफेचा गोळा पुढे ढकलते ती ही बारूद, असं आदेशनं सांगितलं. तिचं वय झालं की तिचा भरवसा राहत नाही. तिला ओलीच ठेवायची, ओलीच कापायची. मग गरम पोटॅशच्या पाण्यात घालून शिजवायची. कोळशातून काढलेला एक अर्कही त्यात पडायचा. मोठ्या बंद हंड्यातून गोठ्यासारखा उग्र वास येत होता. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या टोकाला नळ होता, त्यातून काकवीच्या रंगाचा दाट द्रव बाहेर येत होता.

फाटकाबाहेरच्या अंगणात, तिथल्या एका कामगाराला साक्षी ठेवून, त्यानं त्या द्रवाचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि पेटती काडी त्यात टाकली. काडी चुर्र करून विझली.

“आता हिच्यात फुटाची ताकद नाई राह्यली,” तो म्हणाला. “नत्र हाय, पालाश हाय. झाडाले तेच लागते.”

कामगार मला म्हणाला, “सायेब रोज एक काडी विझवतात. त्याहिले त्याच्याशिवाय जेवन जात नाई.”

आदेश हसला. मला हसू आलं नाही. ज्या वस्तूनं बाप नेला तिच्यात तो रोज सकाळी हात घालत होता. ते मला समजत नव्हतं.

कारखाना लहानच होता. आपलं खत प्रयोगशाळेतल्या कुंड्यांत चांगलं चालतं हे मालकांनी पाहिलं होतं. मातीच्या आणि पानांच्या तपासण्या नीट आल्या होत्या. आता खऱ्या शेतकऱ्याच्या वावरात ते घालून पाहायचं होतं. २००२च्या सुरुवातीला त्यांनी माणसांना विचारलं, कोणाची शेती आहे? आदेशनं हात वर केला.

मी त्याच्याबरोबर गावाला गेलो. एसटीच्या टपावर खताच्या दोन कॅन होत्या. धुरपताबाई ओसरीवर मिरच्यांचे देठ खुडत होती. आदेश तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगितलं. कारखाना कशाचा, खत कशाचं. तिचे हात थांबले एवढंच.

“मले खताचा कारखाना सांगतला होता तूनं.”

“खताचाच हाय, माय.”

“कशाचं खत, ते नाई सांगतलं.”



ती उठली. दोन्ही कॅन तिनं स्वतः उचलल्या आणि अंगणाबाहेर, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवल्या. परत येऊन पुन्हा मिरच्या घेतल्या.

“ज्यानं माहा माणूस नेला, ते माह्या वावरात नाई पडनार. तू नोकरी कर. मी नाई म्हनत नाई. पन माह्या वाफ्यात नाई.”

तो तिच्याशी वाद घालायला लागला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यानं घातला नाही. तिच्याजवळच्या अर्ध्या मिरच्या आपल्याकडे ओढून घेतल्या आणि तोही देठ खुडू लागला.

रस्त्यावरच्या कॅन बापूरावांनी पाहिल्या. बापूराव श्रावणबापूंचे चुलतभाऊ, शेजारचंच वावर. बोलके, उत्साही, आणि फुकट मिळेल त्याला नाही न म्हणणारे.

“हे पोट्टं खत वाटून राह्यलं म्हनते. फुकट हाय ना?”

“फुकट हाय, काका. पन कशाचं हाय ते आयकून घ्या आधी.”

त्यानं चावडीसमोर लोकांना बोलावून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. एका गोवरीवर खत ओतलं आणि ती गोवरी पेटत्या चुलीत टाकली. गोवरी धुपली आणि नुसता धूर झाला. लोक जवळ सरकले. मग प्रश्न सुरू झाले. कारखान्यात तुम्ही मरत कसे नाही, असं कोणी तरी विचारलं. आदेशला हा प्रश्न आवडला. त्यानं रंगवून सांगितलं, की आम्ही बारुदीला कधीच कोरडी होऊ देत नाही. पिंपातून कापायला, कापून हंड्यात, सगळं पाण्यात. कोरडी झाली की मग भरवसा नाही.

बापूराव पुढच्या रांगेत बसून मान डोलवत ऐकत होते.

त्यांनी उन्हाळी भेदरं लावली होती. भेदरं म्हणजे आमच्याकडे टोमॅटो. खत पडलं. पहिले काही दिवस रोपं जोमात होती आणि बापूराव गावभर सांगत फिरत होते. मग खालची पानं पिवळी पडली. मग वरची. मे महिन्याच्या मध्यात अख्खं वावर माना टाकून उभं राहिलं.

गावाला विषय मिळाला. आदेश एसटीतून उतरला की पानठेल्यावरून आवाज यायचा, “आला बे तोफखाना.” कोणी म्हणायचं, “बापूरावाच्या वावरात बाँब पडला, आवाज तेवढा नाई झाला.” तो मान खाली घालून निघून जायचा. घरी आई काही बोलायची नाही. ते त्याला जास्त लागायचं. कारखान्यात त्यानं खत अपयशी ठरल्याचं लिहून दिलं. खोलीवर मला म्हणाला, दुसरी नोकरी पाहतो. मायचंच खरं होतं.

तो उरलेल्या कॅन परत न्यायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. आम्ही ओसरीवर बसलो होतो. बापूरावांची बायको यशोदाबाई तणतणत आली. मागून बापूराव.

“वहिनी, तुह्या पोराच्या खतानं माह्या संसाराचा इस्कोट केला,” ती धुरपताबाईला म्हणाली. “भेदरं गेले तं गेले. पन ह्या मानसानं मले दोन महिने वावरात चूल नाई मांडू देली. शिळ्या भाकरी खाल्ल्या मी.”

“काऊन?” धुरपताबाईनं विचारलं.

“इस्तू नको म्हने. बिडी सोडली यानं. जन्मात कोनाच्या सांगन्यानं सोडली नाई, या खताच्या भेवानं सोडली. अन् लाइट आली की मोटार चालू. सकाळी पानी, दुपारी पानी. लाइट गेली तं मले घागरी आनाले लावे.”

आदेश उभा राहिला. “काका, रोज पानी देलं तुम्ही?”

“मंग? एवढं ऊन तपून राह्यलं. कोरडं झालं अन् उडालं तं?”

“तुम्हाले कोनी सांगतलं कोरडं झालं की उडते?”

“तूनंच सांगतलं बे. चावडीवर. म्या पुढंच बसलो होतो. कोरडी झाली की भरवसा नाई, म्हनला तू.”

बापूराव सगळ्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग धुरपताबाई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. आदेशनंही वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “भेदराले जळन्याच्या भेवानं तुम्ही बुडवून मारलं.”

“हस मंग. माहं वावर गेलं अन् तू हस,” बापूराव म्हणाले. पण तेही हसले. यशोदाबाई हसली नाही. तिच्या शिळ्या भाकरी अजून ताज्या होत्या.

आम्ही वावर पाहायला गेलो. पाय घोट्यापर्यंत रुतला. आदेशनं एक रोप उपटलं. मुळं काळी, बुळबुळीत, कुजका वास. त्यानं ते बापूरावांना दाखवलं आणि म्हणाला, “चूक माही हाय, काका. कारखान्यातली गोठ मी वावरात सांगतली.”

संध्याकाळी धुरपताबाई विहिरीजवळ भांडी घासत होती. आदेश पाय धुवायला गेला. मी जरा अलीकडे दगडावर बसलो होतो.

“एक सांग,” ती म्हणाली. “जे तुह्या कारखान्यात येते, ते मैदानात जात नाई न?”

“नाई.”

“मंग तिथं फुटत बी नाई.”

“नाई, माय. गोळा आधी उघडतात. बारूद आमच्याकडं येते. पितळ वितळवाले जाते.”

“मंग तिथं वेचाले काई राहत नाई.”

“तेवढ्याचं तं नाई राहत.”

तिनं परात पालथी घातली. “म्हनून गेलता तू तिथं?”

आदेश पायाच्या बोटांमधला चिखल काढत राहिला. मी तीन वर्षं त्याच्या खोलीत राहत होतो. हाच प्रश्न मी विचारला होता आणि त्यानं मला पगार सांगितला होता.

“सांगाचं न मंग मले,” ती म्हणाली.

“तुले सांगाले आलो होतो. तूनं कॅन बाहेर ठेवल्या.”

“ठेवल्या. मंग?” तिनं भांडी टोपल्यात भरली. “दोन वाफे घेजो. वांग्याचे, पावसाळ्यात. पानी मी देईन. तू हात लावाचा नाई. अन् भाऊजीले धुऱ्यावर बी पाय ठेवू देऊ नको.”

त्या पावसाळ्यात तिनं दोन वाफ्यांना आदेशचं खत दिलं आणि बाकीच्यांना शेणखत. मी अधूनमधून जायचो. सावत्र लेकराकडे पाहावं तशी ती त्या वाफ्यांकडे पाहायची. निंदण वेळेवर, पाणी वेळेवर, कौतुक नाही. पानं गर्द झाली. ती म्हणाली, “पानाले कोन खाते.” फुलं धरली. ती म्हणाली, “फूल तं बाभळीलेही येते.” आदेश दर रविवारी येऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसायचा. मोजमाप घेऊन जायचा. तिला काही विचारायचा नाही.

कार्तिक संपता संपता वांगी तोडायला आली. दोन वाफ्यांतली जरा जास्त होती. चमत्कार म्हणावा इतकी नाही. तजेलदार, काटेरी देठाची, जांभळी. कारखान्यातल्या माणसानं काही नेली, तपासली, आणि खायला हरकत नाही असं कळवलं. धुरपताबाईनं तरी ती बाजारात नेली नाहीत. तिचा एक नियम होता. घरच्याच्या तोंडी आधी, टोपल्यात मग.

आणि घरात आषाढापासून वांगं वर्ज्य होतं. ते सुटायचं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवून. म्हणजे पहिलं वांगं देवाला जाणार होतं. कोणत्या वाफ्याचं जाणार, हे तिनं सांगितलं नाही. आदेशनं विचारलं नाही. आदल्या दिवशी खोलीवर त्यानं दोनदा डाळ करपवली.

चंपाषष्ठीला आम्ही सकाळीच पोचलो. अंगणात गोवऱ्यांचा आर पडला होता. रोडगे राखेत पुरलेले. धुरपताबाईनं वांगी दोन ढिगांत ठेवली होती. दोन्ही ढीग वेगवेगळे भाजले. सोललेही वेगळे. एकाचं भरीत पितळी वाटीत, दुसऱ्याचं स्टीलच्या. पातीचा कांदा, हिरवी मिरची, वरून फोडणी.

पितळी वाटी देवापुढे गेली. ती शेणखताच्या वांग्यांची होती. आदेशनं पाहिलं आणि मान खाली घातली.

मग तिनं केळीचं एक पान घेतलं. श्रावणबापूंचा फोटो लावला होता त्या भिंतीशी ते मांडलं. त्यावर एक रोडगा फोडून ठेवला, तूप घातलं आणि स्टीलच्या वाटीतलं सगळं भरीत वाढलं. पानाभोवती पाणी फिरवलं आणि समोर बसली.

“देव रागावत नाई,” ती मागे न पाहता म्हणाली. “इच्याराचं तं याले इच्यारलं पायजे.”

ती बराच वेळ बसली. ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही आणि ऐकायचा प्रयत्नही मी केला नाही. आदेश दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. अंगणात यशोदाबाई राखेतून रोडगे काढत होती, तिचेही हात थांबले.

मग धुरपताबाईनं ते पान आपल्यापुढे ओढलं. रोडग्याचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, तोंडात घातलं. सावकाश चावलं.

“मीठ कमी झालं,” ती म्हणाली. “यशोदे, मीठ आन. अन् पोट्ट्याहिले वाढ.”

आदेश जेवायला बसला. पहिला घास घेतला आणि दुसरा घेता येईना, तो उठून अंगणात गेला. परत आला तेव्हा तिनं त्याच्या पानात आणखी भरीत वाढलं.

मंगळवारी ती दोन टोपली घेऊन आर्वीच्या बाजारात बसली. मी वडिलांच्या दुकानातून तिकडे गेलो. आदेश सुट्टी टाकून आला होता, टोपल्यांमागे हात मागे बांधून उभा. एक बाई वांगी दाबून पाहत होती. चांगली पारखी बाई होती. प्रत्येक वांगं उलटं करून देठ पाहायची.

“कोनतं खत टाकलं वो बाई? चमक हाय भल्ली.”

“बारूद,” धुरपताबाई म्हणाली.

बाईनं वांगं खाली ठेवलं. “काऊन थट्टा करता, मावशी?”

“थट्टा काऊन करीन? मिलिटरीची जुनी बारूद. माहा पोरगा शिजवते, तिचं खत करते. हा काय मागं उभा हाय.”

बाईनं आदेशकडे पाहिलं. आदेशनं माझ्याकडे पाहिलं.

“खाल्ल्यावर काई होत तं नाई?”

“म्या षष्ठीले खाल्ले. तुह्यासमोर बसली हावो.”

“अन् कढईत फुटले तं?”

“फुटले तं कढई घेऊन येजो. वांगे बी वापस घेईन अन् कढईही नवी देईन.”

बाई हसली. शेजारची सांभारवालीही हसली. त्या बाईनं पुन्हा वांगी निवडायला घेतली, आता घाईघाईनं, चांगली चांगली आधी. धुरपताबाईनं तराजू उचलला. मागे वळून म्हणाली, “उभा काऊन हायस खांबासारखा? बाईची थैली धर.”